एवढा एक आग्रह नको

दिवाळी हा आग्रहाचा सण. ‘अजून एक करंजी घ्या’, ‘चकली चाखल्याशिवाय उठायचं नाही’ हे ऐकतच आपण मोठे झालो. आग्रह म्हणजे माया, हे आपल्या घरांनी आपल्याला शिकवलं. पण याच चार दिवसांत, दिवेलागणीनंतर, मित्रांच्या बैठकीत आणखी एक आग्रह सुरू होतो : ‘सणासुदीचं काय होतंय? एकच घे.’ म्हणणाऱ्याच्या मनात तेव्हाही मायाच असते. ऐकणारा मात्र नुकता व्यसनातून बाहेर आलेला असेल, तर त्या एका वाक्यानं त्याच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडू शकतं.

काही महिन्यांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी व्यसनमुक्तांच्या फॉलोअपच्या बैठकीला बसायची संधी मिळाली. रविवारची संध्याकाळ, शाळेचा वर्ग, बाकांवर दहा-बारा माणसं. प्रत्येक जण उठून आपलं नाव आणि किती दिवस झाले ते सांगत होता. कुणाची नऊ वर्षं झाली होती, एकाचे अकरा दिवस. टाळ्या जास्त वाजल्या त्या अकरा दिवसांना. मग दिवाळीचा विषय निघाला आणि वर्ग गप्प झाला. एका कामगारानं सांगितलं की, बोनसच्या संध्याकाळी तो याच गटातल्या मित्राला कंपनीच्या गेटवर बोलावून घेतो. दोघं चहा पितात आणि बरोबरच घरी जातात. वर्षातली सर्वांत अवघड संध्याकाळ अशी एका चहावर पार पडते.

या चहामागच्या सोबतीची गोष्ट जुनी आहे. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन हा माणूस धंद्याचं काम फिसकटल्यामुळे हॉटेलात एकटा उभा होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि पलीकडच्या बारमधले आवाज कानावर येत होते. त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला हवा होता आपल्यासारखाच दारूत अडकलेला कुणी तरी, ज्याच्याशी बोलता येईल. गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी आणि दोघं तासन्‌तास बोलत बसले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जूनला. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा जन्मदिवस मानला जातो. दुसऱ्याला सावरताना आपणही सावरतो, ही त्या भेटीची कमाई. ‘फक्त आजचा दिवस’ हा त्या चळवळीचा मंत्र आज आपल्याकडच्या बैठकांतूनही मराठीत ऐकू येतो.

महाराष्ट्रात या कामाची एक वाट लेखणीतून निघाली, हे दिवाळी अंकाच्या संपादकाला विशेष वाटतं. ऐंशीच्या दशकात गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांवर अनिल अवचटांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला पुढे आले. डॉ. अनिता अवचटांनी काम अंगावर घेतलं आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथं दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. रुग्णमित्रांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. साहेबांना फोन करून नवऱ्याला ताप आल्याचं सांगणारी, बाटल्या शोधून मोरीत ओतणारी बाईही आतून आजारी पडलेली असते, हे तिथं ओळखलं गेलं. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथं समुपदेशक होतात, आणि ‘मला काय होतंय ते तुला काय कळणार?’ या प्रश्नाचं उत्तर समोरच बसलेलं असतं.

तरी गरजेच्या मानानं हे फार थोडं आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’नं केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या प्रश्नासाठी मदतीची गरज आहे आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळतात, असं तो सांगतो. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला येतात त्या शपथा. आईच्या डोक्यावर हात, देवाच्या पायावर हात, आणि ‘मनावर घेतलंस तर सुटेल’ हा उपदेश. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर हवा. त्यानंतरची लांबलचक वर्षं मात्र डॉक्टरच्या हातात नसतात. ती घराच्या, गल्लीच्या, कामावरच्या सोबत्यांच्या हातात असतात.

मला इथं आठवतो तो आपल्या गावातला माळकरी. एखाद्यानं गळ्यात माळ घातली की गाव त्याच्याशी वेगळं वागू लागतं. जत्रेच्या जेवणात त्याच्यासाठी वेगळं शिजतं. ‘तो माळकरी आहे’ एवढं कुणी म्हटलं की आग्रह थांबतो. का सोडलंस, किती दिवस सोडलंस, हे कुणी विचारत नाही. एकादशीला भजनाची सोबत मिळते, आषाढीला दिंडीची. माळ घालतो तो एकटा, पण ती सांभाळतं सगळं गाव. व्यसन सोडलेल्याच्या गळ्यात दिसणारी माळ नसते, आणि म्हणून आपण त्याची परीक्षा घेत राहतो. पाय घसरलाच, बैठकीतल्या भाषेत ‘स्लिप’ झालीच, तर ‘वाटलंच होतं’ म्हणतो. बैठकीत अशा माणसाला खुर्ची पुढे सरकवून ‘आलास, बरं झालं’ म्हणतात. साखर वाढलेल्या मधुमेह्याला आपण घराबाहेर काढत नाही. मग याला का काढावं?

दारू जडते ती बहुतेकदा संगतीत : वरातीत, पार्टीत, दीप अमावास्येची ‘गटारी’ करून टाकणाऱ्या टोळक्यात. ती सोडताना मात्र आपण माणसाला एकटं सोडतो. हा अन्याय आपल्याला थांबवता येईल. आपल्या सोसायटीचा हॉल, शाळेचा एक वर्ग, वाचनालयाची खोली आठवड्यातून तासभर अशा गटाला मिळवून देता येईल. ज्याला आज कुणाशी तरी बोलायचं आहे, त्याला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक सांगता येईल.

फराळाचा आग्रह भरपूर करा. पण कुणी ‘मी घेत नाही’ म्हणालं, तर कारण विचारू नका. चहा टाका, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही घ्या.

दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक