बडा घर, पोकळ चासी

जुनी लँड रोव्हर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तिला स्नॉर्केल बसवणाऱ्या माणसाबद्दल माझं मत सरळ आहे: त्याला गाडीपेक्षा गाडीसोबतचा फोटो जास्त हवा होता. राग येईल काहींना. येऊ दे.

मी इंग्लंडमध्ये, वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो, पोटासाठी कोड लिहितो आणि १९९६ सालची डिफेंडर चालवतो. २९ जानेवारी २०१६ रोजी शेवटची जुनी डिफेंडर ज्या सॉलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली, तो इथून जवळच. त्यामुळे या गाड्यांचे नवे मालक सतत भेटतात. २००८ साली टाटांनी ही कंपनी घेतल्यापासून मराठी मित्रांनाही तिचा पुळका आलाय, 'आपलीच गाडी' म्हणून. आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला खर्च ठरलेला: टपावर काळी रॅक, पुढे एलईडीची पट्टी, जाडजूड टायर आणि ते स्नॉर्केल. खाली वाकून कोणी बघितलेलं नसतं.

यामागे एक जुना गैरसमज आहे. १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांपुढे आली, तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. तेव्हापासून 'ही गाडी गंजत नाही' असं लोक सांगत सुटलेत. अहो, बॉडी ज्यावर उभी आहे ती चासी पोलादाचीच आहे! आतून पोकळ, चौकोनी पेटीसारखी. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आणि चिखल त्या पोकळीत जाऊन बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. सगळ्यात आधी जातो तो मागचा आडवा तुळईसारखा भाग. आणि पोलादाला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियमही खाऱ्या पाण्यात सुटत नाही, त्याची पांढरी भुकटी होते.

वरून मात्र विकणाऱ्याने काळंकुळकुळीत अंडरसील फासलेलं असतं. गाडी जुनी आणि खालचा काळा रंग अगदी ताजा, अशी जोडी दिसली की सावध व्हा. छोटी हातोडी घ्या आणि चासीवर टकटक करत जा. धड पोलाद खणखणीत वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "पण एमओटी पास आहे ना!" एमओटी म्हणजे तीन वर्षांवरच्या गाड्यांची इथे दरवर्षी होणारी सक्तीची तपासणी. चांगली व्यवस्था आहे. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिचा मागचा इतिहास फुकट वाचता येतो, आणि तो घेण्याआधीच वाचायला हवा. पण तपासणाऱ्याला काहीही खोलून बघायची परवानगी नसते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था त्या तपासणीत येतच नाही. शिवाय पास म्हणजे त्या दिवशी पास. माझ्या धंद्यात सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून शुक्रवारी संध्याकाळी डोळे मिटून रिलीज करणाऱ्याला आम्ही जे म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल वाढली की ते कमी तापमानाला उकळतं. लांब उतारावर ब्रेक दाबत आलात की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट तळाला जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते शेवटचं कधी बदललं हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर ते बदललेलं नाही असंच धरून चाला. ब्रेकच्या पोलादी नळ्या क्लिपांखाली, जिथे नजर जात नाही तिथेच गंजतात. तांबे-निकेलच्या नळ्या टाकल्या की ती काळजी मिटते, आणि खर्च रॅकपेक्षा कमी. गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास आहे. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईने तुमच्या छंदावर सही केलेली नाही.

"लँड रोव्हर आहे, गळणारच. तेल गळत नसेल तर समजा आत तेलच नाही!" हा इथला लाडका विनोद. ऐकायला मजा येते. पण कुठून गळतंय ते बघा की. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर बॉक्सच्या मागे, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा ड्रम असतो. त्याच्या लगतचं सील गेलं की तेल थेट त्या ड्रममध्ये. मग चढावर लावलेली गाडी कशाच्या जिवावर उभी आहे? याच रचनेमुळे आणखी एक धोका: मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. जॅक लावण्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

स्नॉर्केलवाल्यांना त्यांच्याच भाषेत सांगतो. स्नॉर्केल इंजिनला हवा देतं, बाकी कशाला नाही. गाडी चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. त्याची हवेची नळी तुंबलेली असेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. मग तेलाचं दुधाळ पाणी होतं आणि बेअरिंगांची वाट लागते. म्हणजे नदी ओलांडायची हौस असेल तरीही पहिलं काम ती क्षुल्लक नळी साफ करायचं आहे. तसंच टायमिंग बेल्टचं. माझ्या गाडीत आहे त्या ३०० टीडीआय इंजिनात तो रबरी असतो. बदलल्याची पावती नसेल तर बदला. तो तुटला की वाल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि बिलाला एक शून्य वाढतं.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. एक मित्र म्हणाला, "वेल्डिंगवर पैसे घालवून आनंद काय मिळणार? रॅक लावली की गाडी आपली वाटते, आणि आपली वाटली तरच माणूस तिची काळजी घेतो." हौसेला मोल नाही, मान्य. जुनी गाडी कोणी हिशोब करून घेत नाही. मीही नाही घेतली. पण हौस तुमची आणि धोका दुसऱ्याचा, हा सौदा कुठला? शिवाय अनुभव उलटा आहे. स्वतः तेल बदललं, ग्रीसने हात माखले, कोणता बोल्ट कुठे अडतो ते कळलं, की गाडी जितकी आपली होते तितकी कुठल्याही पार्सलने होत नाही.

तेव्हा क्रम असा: आधी चासी, मग ब्रेक, मग स्टिअरिंगचे जोड आणि चाकांची बेअरिंग. त्यानंतर सगळी तेलं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर बॉक्स, पुढचा-मागचा डिफरन्शियल. मग बेल्ट आणि कूलंटचे पाइप. एवढं करून पैसे उरले तर खुशाल सजवा, मी स्वतः लाइक करीन.

गाडी घेतलीच असेल तर या शनिवारी टॉर्च, हातोडी आणि जुनी चटई घ्या आणि तिच्याखाली पडून अर्धा तास नीट बघा. रॅक पुढच्या वर्षीही मिळेल.