चाकांवरचं घर आणि थांबायची जागा

अमेरिकेत दरवर्षी हजारो स्कूल बस सेवेतून बाद होतात. बारा-पंधरा वर्षं मुलांची ने-आण झाली की शाळा त्या लिलावात काढतात. काही भंगारात जातात. काही ग्वाटेमालासारख्या देशांत पोहोचतात आणि रंगीबेरंगी होऊन पुन्हा प्रवासी वाहतुकीला लागतात. आणि काही बस माणसं राहण्यासाठी विकत घेतात. बाकडी काढून तिथे पलंग, ओटा, संडास-बाथरूम बसवतात आणि त्यालाच घर म्हणतात. तिकडे अशा बसला ‘स्कूली’ असं लाडाचं नाव आहे.

या घरांचे व्हिडिओ मी गेली दोन वर्षं नेमाने पाहतो आहे. लाकडी छत, खिडकीत झाडाची कुंडी, पाठीमागे डोंगर आणि खाली एक वाक्य ठरलेलं: आम्ही भाड्याच्या जाचातून सुटलो, आता सगळी जमीन आमची. ही घरं बांधणाऱ्यांच्या हातांचं मला मनापासून कौतुक आहे. माझी हरकत आहे ती त्या वाक्याला. घराला चाकं लागली म्हणजे माणूस मुक्त झाला, हे खरं नाही. हलता येणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर दुसऱ्या गोष्टीने होतं.

आधी बसबद्दल. अमेरिकन स्कूल बसचा पिवळा रंग योगायोगाने आलेला नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या शिक्षणतज्ज्ञाने एक परिषद भरवली. शाळांचे अधिकारी, बस बनवणारे, रंग बनवणारे एकत्र बसले आणि ४४ मानकं ठरली. पहाटेच्या अंधुक उजेडातही नजरेत भरेल आणि ज्यावर काळी अक्षरं स्वच्छ वाचता येतील, असा पिवळा रंग त्यांनी निवडला. मुलांच्या सुरक्षेसाठी बांधलेली ही गाडी मजबूत असते. पोलादी सांगाडा, जाड पत्रा, हजारो रिबिटा, डिझेल इंजिन. शाळेने टाकून दिली तरी तिच्यात बरीच वर्षं शिल्लक असतात. वापरून झालेली वस्तू फेकून न देता तिला पुन्हा कामाला लावायची, हा विचार आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला लगेच पटेल.

पण काम सोपं नाही. बाकडी जमिनीला बोल्टने आवळलेली असतात. एकाने आत पान्हा धरायचा आणि दुसऱ्याने बसखाली उताणं झोपून नट सोडवायचे. गंजलेले नट सुटत नाहीत, मग ग्राइंडर. रबरी चटई उचलली की खाली कुजलेला प्लाय निघतो आणि त्याखाली गंज. तारेच्या ब्रशने तो घासायचा, रसायन लावायचं, बोल्टांची शेकडो भोकं बुजवायची. तिकडे अनेक जण त्या भोकांवर एक सेंटचं नाणं ठेवून सीलंट लावतात, कारण नाणं मापात बसतं आणि त्याहून स्वस्त चकती मिळत नाही! छताचे पत्रे उतरवून जुनं इन्सुलेशन काढावं लागतं. ते नीट केलं नाही तर लोखंडी डबा उन्हाळ्यात भट्टी होतो, आणि हिवाळ्यात आतून पाणी सुटतं. त्यानंतर लाकूडकाम, टाक्या, वायरिंग, टपावर सौर पॅनल. सगळ्यात मोठी बस चाळीस फुटी. आतली रुंदी साडेसात फूट, उंची सहा-साडेसहा फूट. म्हणजे उंच माणसाला स्वतःच्या घरात मान वाकवून चालावं लागतं.

खर्चाचा हिशोबही व्हिडिओत अर्धाच दिसतो. जुनी बस काही हजार डॉलरला मिळते हे खरं. पण नीट राहण्याजोगी करायची तर वीस-तीस हजार डॉलर सहज लागतात. इतकी मोठी गाडी एका लिटरला साडेतीन-चार किलोमीटर चालते. बहुतेक विमा कंपन्या हाताने बांधलेल्या घराला हात लावायला कचरतात. अनेक राज्यांत बसचा पिवळा रंग बदलावा लागतो, ‘थांबा’ची पाटी आणि लुकलुकणारे दिवे काढावे लागतात. हा नियम रास्त आहे. मुलं चढत-उतरत असताना स्कूल बसला ओलांडणं तिथे गुन्हा आहे. त्या रंगाचा धाक टिकवायचा तर तो खऱ्या स्कूल बसपुरताच राहिला पाहिजे.

माझा एक आतेभाऊ बसच्या बॉडीचं काम करतो. डेंटिंग-पेंटिंगपासून सीट बसवण्यापर्यंत सगळं. त्याला मी असाच एक व्हिडिओ दाखवला. त्याने वेल्डिंग पाहिलं, छताचा जोड पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, “भाईजान, बनाने का क्या, बन जाती. पर खडी किधर करने की?”

सगळ्या व्हिडिओंत मला न सापडलेला प्रश्न त्याने एका दमात विचारला.

खडी किधर करने की? अमेरिकेत मोटारघरांसाठी भाड्याचे तळ आहेत. पण त्यांतले बरेच तळ दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत, आणि जुन्या स्कूल बसला तर दारावरूनच परत पाठवतात. पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारची अफाट मोकळी जमीन आहे, तिथे फुकट मुक्काम करता येतो. पण साधारणपणे एका जागी चौदा दिवस, मग उठायचं. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये एखादी रात्र काढता येते, तीही तिथल्या व्यवस्थापकाने आणि शहराच्या नियमाने परवानगी दिली तर. उरला रस्त्याचा कडा, आणि रात्री दोन वाजता काचेवर वाजणारी पोलिसाची टॉर्च.

चौदा दिवसांचा नियम वाचला तेव्हा मला लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवलेला एक मसला आठवला. हनफी फिक्हनुसार प्रवासात असलेल्या माणसाने एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहायचा इरादा केला की तो मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो. मग त्याला नमाजात प्रवाशाची सूट नाही, पूर्ण नमाज पढायची. किती दिवसांनी पाहुणा रहिवासी होतो, हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. त्या जमिनीवर मात्र चौदाव्या दिवशीच उठवतात. मुकीम व्हायची वेळच येऊ देत नाहीत.

अमेरिकेचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९३० च्या दशकात मंदी आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा-टेक्सासकडची शेतकरी कुटुंबं मोडक्या मोटारींत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघाली. तीही चाकांवरची घरंच होती, फक्त त्यांचं कौतुक करणारं कोणी नव्हतं. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखाने शंभरहून अधिक पोलीस थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. गरीब दिसणाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. कॅलिफोर्नियात तर निर्धन माणसाला राज्यात आणणं हाच गुन्हा होता. आपल्या बेरोजगार मेव्हण्याला टेक्सासहून गाडीत बसवून आणल्याबद्दल एका माणसाला शिक्षा झाली. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. गरिबालाही देशात कुठेही जाण्याचा हक्क आहे, हे तेव्हा ठरलं. पण गेल्यावर थांबायचं कुठे, हे ठरलं नाही.

पुढे साठच्या दशकात बसला वेगळी झळाळी आली. लेखक केन केसी आणि त्याच्या मित्रांनी १९६४ मध्ये एक जुनी स्कूल बस भडक रंगवून देशभर फिरवली. ती प्रतिमा आजच्या व्हिडिओंतही डोकावते. मला मात्र दुसरं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. १९७० मध्ये स्टीफन गॅस्किन यांच्यासोबत शेकडो तरुण जुन्या बसगाड्यांचा काफिला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. देश फिरून झाल्यावर १९७१ मध्ये त्यांनी टेनेसीत जमीन घेतली आणि तिथेच बस उभ्या केल्या. सुरुवातीला त्याच बसमध्ये राहिले, मग घरं बांधली, शेती केली, सुईणींचं नावाजलेलं केंद्र उभं केलं. ‘द फार्म’ नावाची ती वस्ती आजही आहे. ती टिकली, कारण त्या बस थांबल्या.

२००८ च्या मंदीनंतर पुन्हा माणसं गाड्यांत राहायला आली. यात साठी ओलांडलेले पुष्कळ होते. पेन्शन पुरत नव्हती, घरं गेली होती. पत्रकार जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक त्यांच्यावर लिहिलं. त्यावरच्या क्लोई झाओ यांच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. हंगामापुरतं गोदामात किंवा बीटच्या कापणीला जायचं, हंगाम संपला की गाडी पुढे हाकायची. यांच्याकडेही चाकं होती. पण त्यांनी ती निवडली, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

इथेच कायद्याचा दुटप्पीपणा दिसतो. गाडी तीच, आतला पलंग तोच. मालकाची ऐपत असेल तर ते पर्यटन, नसेल तर उपद्रव. लॉस एंजेलिसमध्ये गाडीत राहण्यावर बंदी होती. २०१४ मध्ये एका संघीय न्यायालयाने ती रद्द केली, कारण ‘गाडीत राहणं’ म्हणजे नेमकं काय हे कायद्यात स्पष्ट नव्हतं आणि त्याचा मार गरिबांवरच पडत होता. २०१६ मध्ये शहराने नवा नियम केला. निवासी रस्त्यांवर रात्री गाडीत मुक्काम नको, आणि बागा व शाळांच्या जवळ तर कधीच नको. म्हणजे जिने पंधरा वर्षं शाळेच्या फाटकापाशी थांबण्याचंच काम केलं, त्या बसमध्ये कोणी राहू लागलं की तिने शाळेजवळ थांबायचं नाही. पुढे २८ जून २०२४ रोजी ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्याला, त्याला जायला दुसरा निवारा नसला तरी, दंड करणं घटनाबाह्य नाही. १९४१ ने जाण्याचा हक्क दिला होता. २०२४ ने सांगितलं की थांबण्याचा हक्क त्यात धरलेला नाही.

रहिवाशांची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या दारासमोर चाळीस फुटी गाडी महिनाभर उभी राहिली, सांडपाणी गटारात सोडलं, तर कोणालाही राग येईल. पण सांडपाण्याचा प्रश्न नळ आणि संडास देऊन सुटतो, माणसाला पुढच्या गल्लीत हाकलून सुटत नाही. कॅलिफोर्नियातल्याच सांता बार्बरामध्ये २००४ पासून चर्च, संस्था आणि शहराच्या पार्किंगमध्ये रात्रीपुरती हक्काची जागा देण्याचा उपक्रम चालू आहे. सोबत कायमच्या घरासाठी मदतही मिळते. ही फार मोठी क्रांती नाही, पण रात्री दोनची टॉर्च तरी टळते.

आपल्याकडे हे लोण आलंच तर? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मनाला येईल तसा करता येत नाही. तरी चाकांवरचं घर सरकारला नको आहे असं नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकाच्या गाडीसाठी तळ, पाणी, वीज यांचा विचार झाला, चांगलंच झालं. मग पाल टाकून राहणाऱ्यांसाठी तोच विचार का नको? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. भटकणारा माणूस जन्मानेच संशयित ठरला. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, संशय गेला नाही. आपल्या विमुक्त जातींच्या यादीत नावातच छप्पर असलेला छप्परबंद समाज आहे. गावाबाहेर पाल पडलं की आजही आधी चौकशी होते, मग रहिवासी दाखला मागितला जातो. दाखला नाही म्हणून रेशन कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून पुढचं काहीच नाही.

अमेरिकेतल्या बसवाल्यालाही पत्ता लागतोच. लायसन, बँक, टपाल कशालाही. पण साउथ डकोटासारख्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून आणि टपालासाठी भाड्याचा पत्ता घेऊन फिरस्त्याला लायसन काढता येतं. एका रात्रीच्या पावतीवर रहिवासी होता येतं, तर वर्षानुवर्षं त्याच जिल्ह्यात पालं टाकणाऱ्या कुटुंबाला दाखला द्यायला काय अडचण आहे?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जुन्या बसचं घर जरूर करावं. त्यात कष्ट आहेत, कसब आहे, काटकसर आहे. पण त्याला घरटंचाईवरचं उत्तर म्हणून मिरवू नये. भाडं परवडत नाही म्हणून माणूस गाडीत झोपतो, तेव्हा त्याने घरांचा प्रश्न सोडवलेला नसतो, तो फक्त स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. एखादा समाज घराच्या बाबतीत किती न्यायी आहे, हे त्याच्या देखण्या बसगाड्यांवरून कळणार नाही. पैसे नसलेल्या माणसाला त्याच्या हद्दीत रात्रभर न उठवता झोपू दिलं जातं का, यावरून कळेल.