घरी बनवलेलं विमान आणि क्लचची तार

बाइकच्या क्लचची तार एकदम तुटत नाही. आधी लिव्हरजवळ एक-दोन धागे सुटतात. आपण दुर्लक्ष करतो आणि मग जालना–अंबड रोडवर गाडी ढकलत बसतो. विमानात ती सोय नाही.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, 2017 मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली. कौतुक झालं ते बांधण्याचं. पण अशी विमानं बांधून झाल्यावर तपासायची कुणी?

बऱ्याच लहान विमानांत रडर, एलेव्हेटर पोलादी केबलने ओढले जातात. नेहमीची केबल 7×19 ची: 19 तारांचा एक पेड, असे सात. झीज होते ती मुख्यतः पुलीवर, आणि झिजलेला भाग नेमका पुलीखाली लपतो. म्हणून स्टिक पूर्ण पुढे-मागे करून केबलवरून कापड फिरवायचं. धागा अडकला की तार तुटलीय. आतला गंज मात्र केबल सैल करून, वाकवूनच दिसतो. त्यात आपलं ऊन! अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा पोलादापेक्षा जास्त फुगतो, म्हणजे दुपारी केबल ताणते, पहाटे ढिली पडते.

ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळच्या फुलसावंगीत एका तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत जीव गेला. तिथे केबल नाही, शेपटीचं पातं तुटलं होतं. आम्ही साधा कोडही दुसऱ्याने रिव्ह्यू केल्याशिवाय लाइव्ह करत नाही, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. इथे तर वर माणूस बसणार असतो.