पक्षी नव्हे, आधी मडके काढा

घरातले पक्षी बहुधा कोणी ठरवून वाढवत नाही. मुलांच्या हट्टापायी बजींची एक जोडी येते. बाजारात सरसकट लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे हे छोटे हिरवे-निळे पोपट मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पिंजऱ्याबरोबर एक मडकेही येते, ते आत टांगले जाते आणि पुढचे सगळे आपोआप घडते. बजीची मादी एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालते. अठराएक दिवसांत पिल्ले बाहेर येऊ लागतात, महिना-सव्वा महिन्यात ती मडक्याबाहेर पडतात आणि त्यांची आई पुन्हा अंडी घालायला मोकळी होते. वर्षात दोन वेळा वीण झाली आणि निम्मीच पिल्ले जगली, तरी दोनाचे सात होतात. ती पिल्लेही वर्षाच्या आत वयात येतात आणि बहीणभाऊ एकाच पिंजऱ्यात असल्याने त्यांच्यातच जोड्या लागतात. दोन-तीन वर्षांनी गॅलरीत तीन पिंजरे आणि वीस-पंचवीस पक्षी असतात. इतके पक्षी पाळायचे, असा निर्णय मात्र त्या घरात कधीच झालेला नसतो. अशा घरांनी पक्ष्यांची संख्या कमी करायला हवी. पण त्याची सुरुवात पक्षी वाटून टाकून किंवा सोडून देऊन करू नये. मडके काढून करावी.

संख्या कमी का करायची, याचे पहिले उत्तर पक्ष्यांच्या प्रकृतीत आहे. शिकार होणाऱ्या जातींचे पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतात, कारण रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी मारला जातो. पाळीव पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. त्याआधीच्या खुणा फार बारीक असतात. विष्ठेचा रंग बदलतो, खाणे कमी होते, वजन उतरते. बजीचे वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम, त्यात तीन-चार ग्रॅमची घट म्हणजे दहावा हिस्सा गेला. पिंजऱ्यात दोन पक्षी असतील तर ट्रेमधली पातळ विष्ठा कोणाची हे कळते. तिथे पंधरा असतील तर ते कळायला मार्ग नाही. मायेने पाहणाऱ्या माणसालाही ते दिसत नाही, कारण अडचण मायेची नसून गर्दीची असते. मादीवरचा ताण वेगळाच. सतत अंडी घालून शरीरातले कॅल्शियम संपते, अंडे अडकते आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ती दगावते. पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत आणि तालुक्याच्या गावी तर गुरांच्या डॉक्टरांवरच भिस्त असते. अशा परिस्थितीत कमी पक्षी ठेवून ते नीट पाहणे हाच सर्वांत खात्रीचा उपचार उरतो.

दुसरे उत्तर घरातल्या माणसांच्या छातीत आहे. पक्ष्यांच्या पिसांतून सूक्ष्म भुकटी झडते, वाळलेली विष्ठा हवेत मिसळते आणि हे कण वर्षानुवर्षे श्वासातून गेले, तर काही जणांच्या फुप्फुसांना अॅलर्जीची सूज येते. ती वेळेत ओळखली नाही तर फुप्फुसे कायमची कडक होऊ शकतात. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा याच आजाराची चर्चा घराघरांत झाली. मात्र ती रस्त्यावरच्या कबुतरांपुरतीच राहिली. बंद खिडक्यांच्या खोलीत किंवा जाळी लावलेल्या गॅलरीत कॉकाटील आणि बजी दाटीने ठेवले, तर धोक्याचे स्वरूप तेच असते. कॉकाटीलची पिसे तर विशेष भुकटी सोडणारी. पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही, हे खरे. पण पक्षी जितके जास्त, जागा जितकी कोंदट आणि सहवास जितका दीर्घ, तितका धोका वाढतो. घरात दम्याचा रुग्ण, लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर हा हिशेब टाळता येणार नाही.

कायद्याने या प्रश्नाच्या एका टोकाची दखल घेतली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. कितीही घरांत मिठू दिसत असले, तरी ती परंपरा आता बेकायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात विदेशी प्रजातींसाठी वेगळे परिशिष्ट जोडले आणि २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची नोंद बंधनकारक केली. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कन्युर त्यात येतात. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला फिशर लव्हबर्डही येतो, याची पुष्कळांना कल्पनाच नसते. या पक्ष्यांचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांचीही नोंद करावी लागते. म्हणजे प्रत्येक वीण ही मालकाची नवी कायदेशीर जबाबदारी ठरते. बजी आणि कॉकाटील मात्र या परिशिष्टात नाहीत. घरोघरी सर्वाधिक वाढणाऱ्या या पक्ष्यांची सरकारदरबारी गणतीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे गुन्हा मानतो. पण चार भिंतींच्या आतला दाटीवाटीचा पिंजरा पाहायला कोण येणार? जिथे सरकार मोजत नाही, तिथे मोजण्याचे काम पाळणाऱ्यानेच केले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की हे थव्याने राहणारे पक्षी आहेत, मग जास्त असतील तितके बरे. त्यातला अर्धा भाग खरा आहे. बजीला एकटे ठेवणे ही शिक्षाच आहे आणि संख्या कमी करा याचा अर्थ एकच ठेवा असा कोणी घेऊ नये. पण रानातला थवा आणि पिंजऱ्यातली गर्दी यांत मूलभूत फरक आहे. रानात भांडण झाले की दुबळा पक्षी उडून दूर जातो आणि दाणापाणी संपले की सारा थवाच जागा बदलतो. पिंजऱ्यात हरलेल्या पक्ष्याला जायला जागा नसते. चोचींचे मार खात, दाण्याच्या वाटीपासून दूर राहत तो खंगत जातो. विणीच्या काळात तर माद्या मडक्यासाठी एकमेकींना रक्तबंबाळ करतात. सोबतीची गरज एका जमलेल्या जोडीने किंवा प्रशस्त पिंजऱ्यातल्या चार-सहा पक्ष्यांनी भागते. त्यासाठी पंचवीस लागत नाहीत.

दुसरा आक्षेप छंदातून मिळणाऱ्या पैशांचा. पिल्ले विकून दाण्याचा खर्च निघतो, मग बिघडले काय? साध्या रंगाच्या बजीला मिळणारी किंमत तुटपुंजी असते आणि त्यातून राळे, बाजरी, समुद्रफेस आणि औषधे वजा केली तर हाती काय उरते, हे पाळणाऱ्यांनी स्वतःच मांडून पाहावे. प्रश्न रुपयांपलीकडचाही आहे. दुकानात गेलेले पिल्लू पुढे कोणाकडे गेले, त्यालाही मडके मिळाले का, हे विकणाऱ्याला कळत नाही. आपल्या घरातली गर्दी आपण दुसऱ्या घरात पाठवतो इतकेच. व्यवसाय म्हणून ज्यांना हे करायचे, त्यांच्यासाठी २०१८ चे पाळीव प्राणी दुकान नियम आहेत आणि त्यांनी ते पाळावेत. याच ओघात, पिंजऱ्यात वीण झाली की रानातले पक्षी वाचतात, असाही युक्तिवाद होतो. आफ्रिकन ग्रेची रानातली पकड इतकी वाढली की २०१६ मध्ये ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातले. त्यामुळे रानातून धरलेला पक्षी घेऊ नये, हे निर्विवाद. पण ऑस्ट्रेलियातल्या रानातले बजी विक्रीसाठी देशाबाहेर पाठवायला तिथे फार पूर्वीपासून बंदी आहे आणि आपल्या बाजारातले सारे बजी पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. गॅलरीत त्यांची आणखी एक पिढी वाढल्याने कुठल्याही रानाचे भले होत नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. इतके वाईट वाटते तर दार उघडून सगळ्यांनाच मोकळे का सोडत नाही? कारण ती दया नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजीला इथे अन्न कसे शोधायचे ठाऊक नसते आणि कावळे, घारी, मांजरे टपलेलीच असतात. तो उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला टाकून देणे १९६० च्या कायद्याच्याही विरोधात जाते. देशी पोपटालासुद्धा परस्पर सोडू नये. वर्षानुवर्षे न उडालेल्या पंखांत बळ नसते, त्याची तपासणी आणि सराव आधी व्हावा लागतो. त्यासाठी वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकाच्या मदतवाहिनीशी संपर्क साधावा.

मग संख्या कमी करायची कशी? मडकी आणि विणीच्या पेट्या काढाव्यात. संध्याकाळी वेळेवर पिंजरा झाकून उजेड दहा-बारा तासांवर आणावा, कारण लांबलेला दिवस, मुबलक मऊ खाणे आणि अंधारी पोकळी या तिन्ही गोष्टी मिळूनच पक्ष्याला विणीला उद्युक्त करतात. तरीही अंडी घातलीच, तर ती नुसती उचलू नयेत. अंडी नाहीशी झाली की मादी पुन्हा घालते आणि तिचीच झीज होते. ताजी अंडी उकडून, थंड करून परत ठेवावीत किंवा त्या जागी प्लॅस्टिकची ठेवावीत. कंटाळली की ती आपणहून उठते. नर आणि माद्या वेगळ्या ठेवता येतात, मात्र जमलेली जोडी तोडू नये. नवे घर शोधणे ही यानंतरची पायरी. ते घर पाहिलेले असावे, जोडी एकत्र जावी आणि घेणारा वीण करणार नाही याची खात्री असावी. नात्यातल्या कोणाच्या तरी गळ्यात चार पक्षी बांधणे म्हणजे संख्या कमी करणे नव्हे. हा मार्ग संथ आहे. पण बजी साधारण पाच-दहा वर्षे जगतात. त्यामुळे नवी भर थांबली की काही वर्षांत संख्या आपसूक खाली येते आणि त्यासाठी एकाही पक्ष्याला घर सोडावे लागत नाही.

किती पक्षी ठेवावेत याचा एकच आकडा सर्वांना लागू पडणार नाही. पण तो ठरवण्याची रीत सांगता येते. सुट्टीच्या निवांत दिवशी आपण किती पक्षी सांभाळू शकतो, यावरून तो ठरवू नये. घरात आजारपण आले आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, कामावरून यायला रात्र होते आहे, अशा आठवड्यात किती पिंजरे रोज साफ होतील आणि किती पक्ष्यांकडे रोज एकदा नीट पाहणे होईल, तो आपला आकडा. त्यात वयाचाही विचार हवा. कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगतो, आफ्रिकन ग्रे चाळीसहून अधिक. साठीत आणलेला ग्रे पुढे कोणाच्या हाती जाणार, हे आणण्याआधीच ठरलेले असावे. पक्षीप्रेमींच्या गप्पांत आजही मोठेपणा संख्येला आणि नव्या रंगांच्या पिल्लांना मिळतो. तो मान चार पक्षी त्यांच्या पूर्ण आयुष्यभर निरोगी ठेवणाऱ्याला मिळायला हवा, कारण अवघड काम तेच आहे. ज्यांच्या पिंजऱ्यात आज मडके टांगलेले आहे आणि त्यात अंडी किंवा पिल्ले नाहीत, त्यांनी ते आजच काढावे. ज्यांच्या मडक्यात पिल्ले आहेत, त्यांनी ती बाहेर पडताच काढावे.