दोन रुपयांचा धनादेश

बँकेच्या नोकरीत मी तऱ्हेतऱ्हेचे धनादेश पाहिले. वटलेले, न वटलेले, सही न जुळणारे, क्वचित चहाचे डाग पडलेलेही. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत ज्याचे छायाचित्र झळकले, तसा धनादेश माझ्या टेबलावर कधी आला नाही. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा बाजार समितीत नेऊन विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे. धनादेश हाती पडला दोन रुपयांचा, आणि तोही पुढच्या तारखेचा!

आपण हळहळलो. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले आणि विषय मागे पडला. पण त्याच वर्षी पावसाळ्यात भाव थोडे वर सरकताच १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यातकिंमत आली आणि ८ डिसेंबरपासून सरळ निर्यातबंदी. भाव कोसळला तेव्हा जो शेतकरी एकटा होता, त्याच्या मालाला चार पैसे मिळू लागताच सारा देश त्याच्या दारात हिशेब मागायला उभा राहिला.

हे अचानक घडलेले नाही. करोनाच्या पहिल्या वर्षाची आठवण करा. ५ जून २०२० रोजी केंद्राने वटहुकूम काढून सांगितले की युद्ध, दुष्काळ वा असाधारण भाववाढ यांखेरीज कांद्याच्या साठ्यावर यापुढे बंधने येणार नाहीत. शेतकरी मोकळा झाला, असे म्हटले गेले. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली आणि दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, मोकळीक देणारे ते विधेयक लोकसभेत संमत झाले! ऑक्टोबरात व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. पुढे २०२१ मध्ये ते कायदेच मागे घेतले गेले. बंदी मात्र सवयीची झाली. मे २०२२ मध्ये गव्हावर, जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळावर आणि डिसेंबरात पुन्हा कांद्यावर.

सरकारची बाजू खोटी नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. टाळेबंदीत ज्यांची रोजंदारी बुडाली, घरकाम सुटले, त्यांच्या घरी कांदा-भाकरी हेच जेवण असते. कांदा साठ रुपयांवर गेला की आपण मध्यमवर्गीय कुरकुरतो. ती माणसे कांदा घेणेच सोडतात. शहरातल्या गरिबाला सांभाळणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. प्रश्न एवढाच, की त्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?

आम्हा बँकवाल्यांना पहिला धडा मिळतो तो हा : एका बाजूला जमा पडली की दुसऱ्या बाजूला नावे पडलीच पाहिजे. टाळेबंदीत ८० कोटी लोकांना फुकट धान्य दिले, त्याचा खर्च अर्थसंकल्पात दिसला. निर्यातबंदीचा खर्च तिथे कुठेच दिसत नाही. एक अधिसूचना काढली की काम भागते. तिजोरीतून दमडी जात नाही. ती नाशिक, नगर, सोलापूरच्या वावरातून जाते. शेतकऱ्यांचे नेते शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणत. डंकेल प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला तो या दारावरचे कुलूप निघेल या आशेने. पण गॅटच्या करारातच अन्नधान्याच्या गंभीर टंचाईत तात्पुरती निर्यातबंदी घालण्याची मुभा आहे. कुलूप राहिले ते राहिलेच.

या नुकसानीचीही समान वाटणी होत नाही. मी नाशिक जिल्ह्यातील एका शाखेत असताना मार्चअखेर वसुलीला गावोगाव फिरत असे. एका खळ्यावर एक म्हातारा मला म्हणाला होता, "सायेब, तुमचा मार्च अन् आमचा कांदा एकाच टायमाला येतो. मग भाव आम्ही कवा ठरवायचा?" ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो उन्हाळ कांदा चार-सहा महिने राखतो. एकरभरवाला हप्त्यासाठी लगेच विकतो. पुढे भाव चढले तरी ते व्यापाऱ्याच्या पदरात पडतात. आणि २०२३ ची बंदी आली ती डिसेंबरात, टिकाऊपणा नसलेला लाल कांदा बाजारात येत असताना. तेव्हा थांबण्याची सोय कुणालाच नव्हती.

गिऱ्हाईकही दुखावते. आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक बांगलादेश. २०१९ च्या बंदीनंतर तिथल्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत हसत हसत सुनावले होते, की स्वयंपाक्याला मी कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितले आहे. आधी थोडी सूचना दिली असती तर बरे झाले असते. पुढच्याच वर्षी पुन्हा सूचनेविना बंदी आली. अशाने गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधते आणि परसात कांदा लावायलाही शिकते.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्कासह. त्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्र्यांना पराभव पत्करावा लागला. त्या सप्टेंबरात शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. पण पुढची बंदी कधी, कोणत्या भावाला येईल, हे आजही कुठे लिहिलेले नाही.

ते लिहून ठेवावे, एवढीच मागणी आहे. अमुक भावाच्या वर अमुक शुल्क, हे रोप टाकण्याआधी जाहीर करा. बंदी घालायचीच असेल तर फरकाची रक्कम अर्थसंकल्पातून द्या. म्हणजे शहरातल्या गरिबाच्या कांद्याचे पैसे तुम्ही-आम्ही करदाते भरू. लहान शेतकऱ्याला चाळीसाठी कर्ज द्या आणि त्याच्या हप्त्याची तारीख मार्चवरून पुढे सरकवा. हे शेवटचे काम आम्ही बँकवाले तेव्हाही करू शकलो असतो. त्या म्हाताऱ्याने विचारले, तेव्हा मी पावतीपुस्तक पुढे केले होते.