'रानमेवा' कुणाचा?

मराठीच्या वर्गात 'रानमेवा' हा शब्द आला की आपला आवाज नकळत मृदू होतो. करवंदे, जांभळे, बोरे, मामाचा गाव, उन्हाळ्याची सुटी! माझा आक्षेप या शब्दालाच आहे. मेवा हा पोट भरलेल्यांनी हौसेने खायचा जिन्नस. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातून जे घरी येते ते जेवण असते, आणि हातात पडणारा पैसाही.

पावसाळ्यात वरोऱ्याच्या बाजारात काटवले, वास्ते, सात्या घेऊन बसलेल्या बायांशी बोलून पाहावे. काटवल म्हणजे पुस्तकी मराठीतले कर्टुले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते चिरून, पाण्यात ठेवून, उकळून त्यांतले विष काढावे लागते. वारुळावरची सात्या कोणती आणि विषारी अळंबी कोणती, हे ओळखताना चूक झाली तर जीव जातो. तरोटा पहिल्या पावसात, कोवळा असतानाच खुडायचा. मोहाची फुले वेचायला उजाडण्याआधी झाडाखाली पोहोचायचे. हे सारे शास्त्र आपण 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' या टिपेत पाच गुणांना गुंडाळतो.

सरकारचा शब्द याहून कोरडा: 'गौण वनोपज'. सागवान मुख्य, मोह, तेंदू, चारोळी, मध गौण. कुणाच्या लेखी गौण? २००६ च्या वनहक्क कायद्याने या वनोपजावर, बांबूसह, वननिवासींची मालकी मान्य केली. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क आला, तरी 'गौण' हे विशेषण सुटले नाही.

शब्दांवरून एवढा वाद कशाला, असे कुणी विचारील. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या 'मेवा' आणायला गेल्या नव्हत्या, आणि त्यांचे काम 'गौण' नव्हते. श्रमाला गोड किंवा क्षुद्र नाव दिले की त्यामागची जोखीम दिसेनाशी होते.

मारुती चितमपल्लींना २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष करून आपण निसर्गलेखनाचा गौरव केला. ज्या वनवासी माणसांकडून त्यांनी शब्द वेचले, त्यांच्याकडे मात्र आपण वळलो नाही. त्यांची नातवंडे आज आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसतात. निबंधात त्यांनी 'वास्ते' लिहिले की आपण लाल शाईने 'बांबूचे कोंब' करतो.

ती लाल रेघ आधी थांबवावी. बोलीचा पाठ शिकवताना या मुलांना घरातले पाच रानशब्द आणायला सांगावे, आणि प्रत्येकासोबत ती वस्तू कधी आणतात, कशी शिजवतात, हेही. त्या तासाला फळ्यावर त्यांनी लिहावे. आपण वही उघडून बसावे.