खरा मनकवडा

दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्यास आपण मनकवडा म्हणतो. ही विद्या एखाद्या जादूगारासच येते, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र वाटते, की तिचा आरंभ प्रत्येकाच्या बालपणीच होतो.

१९८३ साली हाइन्झ विमर व योझेफ पेर्नर या ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळावयास जातो. त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कोठे शोधील? ३-४ वर्षांच्या मुलांनी बहुधा दुसरेच कपाट दाखविले. जे आपणांस ठाऊक आहे, ते मॅक्सीसही ठाऊक असणारच, अशी त्यांची समजूत! पुढे ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान मुलांना उमगू लागते, की मॅक्सीने जे पाहिलेच नाही, ते त्याला कसे कळणार?

दुसऱ्याचे मन आपल्या मनाहून निराळे आहे, ही जाण म्हणजे बुद्धीच्या वाढीतील मोठेच पाऊल होय. मग मोठेपणी आपण ती का विसरतो? मित्राने हाकेला ओ दिली नाही, की आपण त्याला गर्विष्ठ ठरवितो. कदाचित ती हाक त्याच्या कानी गेलीच नसेल! ही चूक त्या लहान मुलांसारखीच नव्हे काय?

म्हणून मुलांनो, कोणावर रुसण्यापूर्वी स्वतःस विचारा, 'मला जे ठाऊक आहे, ते त्याला ठाऊक आहे का?' उत्तर न सापडल्यास त्यालाच विचारा. तर्क करून रुसणारा नव्हे, तर विचारून समजून घेणारा, तोच खरा मनकवडा.